पाच लिटर रक्त, दहा इंच सावली

१६ एप्रिल २०२३, रविवार. खारघरच्या मैदानावर महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा झाला आणि त्या दिवशीच्या उन्हाने १४ माणसांचे प्राण घेतले. ते मैदान कळंबोलीहून काही किलोमीटरवर आहे. कळंबोली, कामोठे, खारघर ही सगळी पनवेल महापालिकेची वस्ती, एकमेकींना खेटून असलेली. उन्हाळा इथे कुणाला नवा नाही. म्हणूनच तो रविवार इथल्या माणसाच्या मनातून जात नाही. 'ऊन लागून गेले' असं आपण म्हणतो आणि तिथेच थांबतो. ऊन लागतं म्हणजे नेमकं कुठे लागतं?

ते रक्ताला लागतं. त्या दिवसाचा घटनाक्रम रक्ताच्या बाजूने पाहिला तर दुपारी कोसळलेलं शरीर सकाळपासूनच झगडत होतं, हे दिसतं.

पुढे दोन घड्याळं शेजारीशेजारी चालतात. एक मैदानाचं: त्या दिवशीच्या जाहीर नोंदींचं आणि माथ्यावरच्या सूर्याचं. दुसरं शरीराचं. ही मृतांपैकी कुणा एकाची कहाणी नाही. साठीच्या आसपासचं, साडेपाच फूट उंचीचं, सत्तर किलोचं एक साधारण शरीर धरलं आहे. सावलीची मापं त्याच उंचीची, त्या तारखेला पनवेलवर सूर्य किती वर होता यावरून काढलेली.

शनिवार, रात्री १० – दुपारी एकला १५ तास

ज्येष्ठ निरूपणकार आप्पासाहेब धर्माधिकारी यांना पुरस्कार मिळणार म्हणून राज्यभरातून त्यांचे अनुयायी, म्हणजे श्रीसदस्य, निघाले आहेत. कुणी बसने, कुणी टेम्पोने. अनेकजण आदल्या रात्रीच मैदानावर येऊन पोचले आहेत. सतरंजी अंथरून, उशाला पिशवी घेऊन माणसं आडवी झाली आहेत.

आपलं हे साठीचं शरीरही त्यांच्यात पडून आहे. त्यात सुमारे पाच लिटर रक्त आहे. हृदय मिनिटाला सत्तर वेळा आकसतं आणि दर ठोक्याला साधारण सत्तर मिलिलिटर रक्त पुढे ढकलतं. गुणाकार करा: मिनिटाला जवळपास पाच लिटर. म्हणजे अंगातलं सगळं रक्त मिनिटभरात एक फेरी पुरी करतं.

हा गुणाकार वैद्यकाच्या इतिहासात फार मोलाचा ठरला. यकृतात रक्त तयार होतं आणि अवयव ते वापरून संपवतात, असं सुमारे चौदाशे वर्षं मानलं जात होतं. विल्यम हार्वे या इंग्रज डॉक्टराने मासे, बेडूक, साप, मेंढ्या अशा कितीतरी प्राण्यांची हृदयं उघडून पाहिली आणि साधा हिशेब मांडला: हृदय अर्ध्या तासात जितकं रक्त फेकतं तितकं तर सगळ्या अंगातही नसतं. मग ते येतं कुठून? तेच ते फिरून येत असलं पाहिजे. हे त्याने १६२८ साली पुस्तकात मांडलं. रोहिणीतलं रक्त नीलांमध्ये जातं कुठून, हे मात्र त्याला दिसलं नव्हतं. ते १६६१ साली मार्चेल्लो माल्पिगी याने बेडकाच्या फुफ्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. त्या केसाहून बारीक केशवाहिन्या होत्या.

आत्ता, रात्रीच्या गारव्यात, पाच लिटरांची वाटणी निवांत चालली आहे. मिनिटाला सुमारे दीड लिटर आतडी आणि यकृताकडे, लिटरभराहून थोडं जास्त मूत्रपिंडांकडे, पाऊण लिटर मेंदूकडे. त्वचेच्या वाट्याला पाव ते अर्धा लिटर. या वाटणीवर लक्ष ठेवा. उद्याची सगळी हकीकत हीच आहे.

पहाटे ४ – ९ तास

पहाटे चारच्या सुमारास माणसाच्या अंगाचं तापमान चोवीस तासांतलं सगळ्यात कमी असतं. इथून दुपारपर्यंत ते आपोआप अर्धा-एक अंश वर चढतं, ऊन असो वा नसो. उन्हाचं ओझं त्याच्यावर.

प्रवासात आणि उघड्यावर झोप नीट झालेली नाही. अपुऱ्या झोपेनंतरच्या दिवशी शरीराला उष्णता कमी सोसते. काहींनी पहाटे फक्त चहा घेतला असेल. मोठ्या गर्दीत बायका पाणी कमी पितात, कारण लघवीला जायची पंचाईत होते. हे आपल्याकडच्या कुठल्याही यात्रेत, कुठल्याही सभेत दिसतं. वाटणी सुरू होण्याआधीच भांड्यातलं थोडं कमी झालेलं आहे.

सकाळी ६.२१ – ६ तास ३९ मिनिटं

सूर्य उगवला. मैदान माणसांनी भरत चाललं आहे. सेंट्रल पार्कजवळची ही मोकळी जागा आंतरराष्ट्रीय कॉर्पोरेट पार्कसाठी राखलेली आहे. लांबवरच्यांनाही दिसावं, ऐकू यावं म्हणून पडदे आणि ध्वनिक्षेपक लावले आहेत. लाखोंच्या डोक्यावर छत मात्र नाही.

सकाळचं ऊन कोवळं आहे. त्याचा कुणाला त्रास नाही.

सकाळी ८ – ५ तास (सावली: १३ फूट)

डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख उजव्या हाताच्या बोटाने घट्ट दाबा आणि सोडा. नख पांढरं पडतं आणि 'एक, दोन' म्हणेपर्यंत पुन्हा गुलाबी होतं. माल्पिगीने पाहिलेल्या केशवाहिन्या त्या, तुमच्याच बोटात भरताना दिसल्या.

आठच्या उन्हात या वाहिन्या उघडायला लागतात. मेंदूच्या तळाशी असलेलं तापमानाचं केंद्र रक्ताची उष्णता सतत चाचपत असतं. ती किंचित वाढली की हुकूम सुटतो: त्वचेच्या वाहिन्या मोकळ्या करा. बसल्या जागीही शरीर सुमारे शंभर वॅट उष्णता तयार करतं, जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. ही उष्णता आतून बाहेर न्यायला रक्ताखेरीज दुसरं वाहन नाही. आतलं गरम रक्त त्वचेवर येतं, हवेला उष्णता देतं, गार होऊन परत जातं. म्हणूनच उन्हात चेहरा लाल होतो.

उष्ण रक्ताचे सगळे प्राणी ही युक्ती आपापल्या परीने वापरतात. ससा लांब कानांतून रक्त खेळवतो, हत्ती कान हलवत राहतो. म्हशीला गाईपेक्षा घामाच्या ग्रंथी कितीतरी कमी आणि कातडी काळी, म्हणून ती डबक्यात जाऊन बसते आणि पाण्याकडून रक्त गार करून घेते. कळंबोलीच्या लोखंड बाजारात दुपारी फिरा, उभ्या ट्रेलरखाली चाकांच्या सावलीत पोट टेकून कुत्रं पडलेलं दिसेल. जीभ लांब बाहेर, श्वास जलद. त्या जिभेतून नेहमीच्या कितीतरी पट रक्त वाहत असतं आणि श्वासाच्या वाऱ्याने लाळ सुकते तसं ते गार होतं. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. जीभ आणि नाक हीच त्याची गार करायची जागा, आणि सावली सोडायची नाही हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

सकाळी ९.३५ – ३ तास २५ मिनिटं (सावली: साडेपाच फूट)

या मिनिटाला सावली माणसाच्या उंचीएवढी झाली. इथून दुपारी पावणेचारपर्यंत ती उंचीपेक्षा आखूडच राहील. सूर्य आता अर्ध्याहून वर चढला आहे आणि अंगावर पडणारी उष्णता बसल्या शरीराने तयार केलेल्या शंभर वॅटच्या तोडीची होत आली आहे.

त्वचेचं तापमान साधारण ३४-३५ अंश असतं. हवा त्याहून गार असेतोवर रक्त हवेला उष्णता देऊ शकतं. हवा त्याहून गरम झाली की देवाणघेवाण उलटी होते आणि हवाच अंगाला तापवू लागते. मग एकच वाट उरते, घाम. इथे माणूस बाकी प्राण्यांच्या पुढे आहे. आपल्या कातडीत घामाच्या वीस ते चाळीस लाख ग्रंथी आहेत. एक लिटर घाम त्वचेवर सुकला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण तो सुकला तरच. नाकावरून ओघळून सदऱ्यावर टपकलेला घाम काहीच नेत नाही, आणि कोकणपट्टीची दमट हवा घामाला सुकू देत नाही.

त्या दिवशी नवी मुंबईत कमाल तापमान ३८ अंश नोंदलं गेलं. चंद्रपूर-नागपूरच्या माणसाला ३८ म्हणजे उन्हाळ्याची सुरुवात वाटेल. तिथे उष्णतेच्या लाटेचा विचार ४० च्या पुढे सुरू होतो. किनारपट्टीसाठी मात्र हवामान खात्याचा उंबरठा ३७ अंशांचा आहे. तापमान त्यापुढे गेलं आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असलं की लाट मानतात. हा फरक हवेतल्या ओलाव्याचा, म्हणजे घाम सुकण्याचा आहे.

आपलं शरीर आता तासाला अर्धा-पाऊण लिटर घाम गाळतं आहे. हे पाणी शेवटी रक्तातूनच येतं.

सकाळी ११.३० – दीड तास (सावली: दोन फुटांहून कमी)

सोहळा सुरू झाला. केंद्रीय गृहमंत्री अमित शहा, मुख्यमंत्री एकनाथ शिंदे, उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस व्यासपीठावर आहेत. श्रीसदस्यांच्या शिस्तीचं महाराष्ट्राला कौतुक आहे. कुणी उठत नाही, गडबड नाही. ज्यांच्यासाठी आलो ते समोर आहेत, त्यांचा सन्मान डोळ्यांनी पाहायचा आहे. घशाला कोरड पडली तरी माणूस अशा वेळी उठून सावली शोधायला जात नाही.

आत वाटणी पार बदलली आहे. शरीरशास्त्रज्ञ लोरिंग रोवेल यांनी १९७४ साली यावरच्या संशोधनाचा मोठा आढावा प्रसिद्ध केला. निरोगी तरुणांचं अंग गरम पाण्याच्या पोशाखाने तापवलं तेव्हा एकट्या त्वचेकडे मिनिटाला सात-आठ लिटर रक्त जाऊ लागलं आणि हृदयाचं काम मिनिटाला पाचवरून तेरा लिटरांपर्यंत गेलं. माणूस नुसता पडून होता, तरी हृदय धावत्या माणसासारखं राबत होतं.

हे वाढीव रक्त आणलं कुठून? हृदय जलद चाललं हा एक भाग. दुसरा भाग असा की आतडी, यकृत आणि मूत्रपिंडांकडचे नळ आवळले गेले. रात्री ज्या आतड्यांना दीड लिटर मिळत होतं, त्यांच्या तोंडचं काढून ते कातडीला दिलं गेलं. मेंदूचा वाटा शरीर शेवटपर्यंत राखू पाहतं.

तरुण हृदय हे पेलतं. साठीच्या हृदयाचा वेग जास्तीत जास्त मिनिटाला १६० च्या आसपास जातो आणि तिथवर जायलाही त्याला कष्ट पडतात. जुन्या मधुमेहात मज्जातंतू निकामी होतात, मग घामच कमी येतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या हृदयाचा वेग वाढू देत नाहीत, काही लघवीवाटे पाणी काढून टाकतात. रोजच्या आयुष्यात याच गोळ्या माणसाला जगवतात, त्या मनाने बंद करायच्या नसतात. पण उघड्या उन्हात तास न् तास बसायचं तर त्या माणसाला वेगळी जागा, वेगळी सावली हवी.

दुपारी १२.३८ – २२ मिनिटं (सावली: १० इंच)

सूर्य त्या दिवशीच्या सर्वांत उंच जागी आला. क्षितिजापासून ८१ अंश वर, जवळपास डोक्यावर. साडेपाच फुटी माणसाची सावली दहा इंचांची झाली. त्या सावलीत त्याची स्वतःची पावलंही पुरती मावत नाहीत.

सकाळपासून दोन लिटरांच्या वर घाम गेला असेल आणि प्यायलेलं पाणी त्याच्या निम्मंही नसेल. सत्तर किलोच्या माणसाचं एक लिटर चारशे मिलिलिटर पाणी गेलं की वजनाच्या दोन टक्के गेलं. तेवढ्यानेच हृदयाचे ठोके वाढतात आणि तापमान चढतं. तहानेवर भरवसा ठेवता येत नाही. ती उशिरा लागते, वयाबरोबर आणखी उशिरा.

आता रक्त दोन्हीकडून अपुरं पडतं आहे. एकूणच कमी झालं आणि उरलेल्यातलं बरंच त्वचेच्या सैल, उघड्या वाहिन्यांत आणि पायांच्या नीलांत साचून बसलं. हृदयाकडे परत येणारी धार बारीक झाली. ठोका जलद पण पोकळ. नाडीवर बोट ठेवलं तर ती लागते, पण धाग्यासारखी.

इथे शेळीची आठवण येते. शेळी, मेंढी, गाय यांच्या मेंदूच्या तळाशी रोहिणीच्या बारीक फांद्यांचं एक जाळं असतं. नाकातून गार होऊन आलेलं रक्त त्या जाळ्याभोवती जमतं आणि मेंदूकडे निघालेलं गरम रक्त त्यामधून जाताना थंड होतं. अंग तापलं तरी शेळीचा मेंदू काही काळ गार राहतो. माणसाला असं जाळं नाही. जे रक्त अंगात तापलं तेच त्याच्या मेंदूत जातं.

दुपारी १

सोहळा संपला. मैदान उठलं.

बसलेलं शरीर उभं राहतं तेव्हा एरवीही अर्धा लिटराहून जास्त रक्त पायांकडे उतरतं. निरोगी शरीर क्षणात नीला आवळून ते सावरतं. पण आत्ता त्वचेच्या वाहिन्या पूर्ण उघड्या आहेत आणि आवळायला शिल्लक काही नाही. त्यात चालायचं आहे. गर्दीतून वाट काढत, बस जिथे उभी आहे तिथवर. मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू रक्त मागतात. त्वचा मागते. मेंदू मागतो. पाच लिटरांचे आता चार-साडेचार उरलेले, आणि मागणारे तिघे.

इथे शरीराला निवड करावी लागते. रक्तदाब टिकवायचा तर त्वचेचे नळ आवळायला हवेत, म्हणजे गार होणं थांबलं आणि अंग आतून भराभर तापलं. त्वचेचे नळ उघडे ठेवायचे तर रक्तदाब कोसळतो आणि माणूस घेरी येऊन पडतो. घेरी येऊन पडणारा तुलनेने सुदैवी: आडवा होताच मेंदूला रक्त मिळतं, सावली आणि पाणी मिळालं तर तो तासाभरात उठून बसतो. ज्याचं अंग आतून तापत जातं तो काही काळ चालत राहतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुपारी १.३० – आपत्तीनंतरचा अर्धा तास

आतलं तापमान ४० अंशांच्या पुढे गेलं आणि मेंदू गडबडला की त्याला उष्माघात म्हणतात. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, ओळख विसरतो, झटके येतात, शुद्ध हरपते. अंग कोरडं असेल किंवा घामेजलेलंही असेल. घाम आहे म्हणून उष्माघात नाही, असं समजू नये.

हा अर्धा तास जीव वाचवण्याचा आहे. अमेरिकेत फालमाउथ नावाच्या गावी दर ऑगस्टमध्ये धावण्याची शर्यत होते. तिथे १८ वर्षांत उष्माघाताचे २७४ धावपटू वैद्यकीय तंबूत आले. त्यांना जागच्या जागी बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवलं. २७४ पैकी एकही दगावला नाही. ते धडधाकट धावपटू होते हे खरं, पण गार करायला वेळ न घालवण्याचा धडा सगळ्यांना लागू आहे. आधी गार करा, मग हलवा.

टब नसेल तर सावलीत न्या, कपडे सैल करा, मिळेल ते पाणी अंगभर ओता आणि पुठ्ठ्याने, पदराने, हाताला येईल त्याने वारा घाला. मानेला, काखेत, जांघेत बर्फ ठेवा. तिथे मोठ्या वाहिन्या कातडीजवळून जातात. तापाची गोळी इथे चालत नाही. तापात मेंदूने स्वतः तापमानाची खूण वर सरकवलेली असते आणि गोळी ती खाली आणते. उष्माघातात खूण जागेवरच असते, शरीर तिच्यापर्यंत उतरू शकत नाही. आणि शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते फुफ्फुसात जाईल.

दुपारी ४ (सावली: साडेसहा फूट)

सावली पुन्हा माणसाहून लांब झाली. आसपासच्या रुग्णालयांत माणसं दाखल होत आहेत.

ज्यांना गार करायला उशीर झाला त्यांच्या अंगात आता ऊन नसतानाही विध्वंस चालू आहे. सकाळी ज्या आतड्यांचं रक्त कातडीला दिलं होतं ती तासन् तास उपाशी राहिली. उष्णता आणि रक्ताची टंचाई यांनी त्यांचं आतलं अस्तर फाटलं आणि एरवी आतड्यातच राहणारं जिवाणूंचं विष रक्तात पाझरलं. त्या विषाने रक्तवाहिन्यांना सूज येते. बारीक वाहिन्यांत रक्त गोठू लागतं. गुठळ्यांत गोठवणारे घटक संपून जातात, मग दुसरीकडे रक्त थांबतच नाही. यकृत, मूत्रपिंड, फुफ्फुसं एकामागून एक मान टाकतात.

रात्र

संध्याकाळी सातच्या आत सूर्य मावळला. मुख्यमंत्री कामोठ्याच्या एमजीएम रुग्णालयात जाऊन रुग्णांना भेटले. मृतांच्या वारसांना पाच लाख रुपयांची मदत जाहीर झाली. रात्रीपर्यंत मृतांचा आकडा ११ झाला.

पुढचे तीन-चार दिवस

आकडा १२ झाला, १३ झाला, १४ झाला. तो वाढत कसा गेला, याचं उत्तर वर आलं आहे. ऊन रविवारी संध्याकाळीच उतरलं होतं. उतरलं नव्हतं ते सकाळपासून रक्ताअभावी राहिलेल्या अवयवांवरचं संकट. उष्माघाताच्या रुग्णाचं तापमान काही तासांत नेहमीचं झालं तरी मूत्रपिंडं आणि यकृत दोन-तीन दिवसांनी निकामी होऊ शकतात.

राज्य सरकारने चौकशीसाठी एका सदस्याची समिती नेमली आणि दुपारी १२ ते ५ या वेळात उघड्यावर कार्यक्रम घेऊ नयेत असं जाहीर केलं. निर्णय स्वागतार्ह होता. पण वरचा घटनाक्रम पुन्हा पाहा. सोहळा अवघा दीड तासाचा होता. शरीराचा सोहळा मात्र सकाळी साडेनऊलाच सुरू झाला होता, आणि काहींचा आदल्या रात्री. कार्यक्रम बाराच्या आत संपवला तरी माणसं चार तास आधी येऊन बसणार असतील आणि संपल्यावर चालत जाणार असतील, तर पाच लिटरांचा हिशेब तोच राहतो. म्हणून मोजायचं ते भाषणांचं वेळापत्रक नव्हे. मोजायचे ते माणसाने उघड्यावर काढलेले एकूण तास.

हे अशक्य काम नाही. मे २०१० च्या लाटेत अहमदाबादेत एरवीपेक्षा तेराशेहून अधिक माणसं जास्त मेली. त्या धक्क्यातून त्या शहराने २०१३ साली दक्षिण आशियातला पहिला उष्णता कृती आराखडा केला: आधीच इशारा, पाणपोया, रुग्णालयांची तयारी, कामाच्या वेळा बदलणं. त्यात महागडं यंत्र कुठलंच नाही.

आणि हे फक्त मोठ्या सोहळ्यांपुरतंही नाही. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या थप्पीला हात लावला तर हात मागे घ्यावा लागतो. त्याच पत्र्यावर वाकून माथाडी कामगार साखळी अडकवतो. त्याच्या बाबतीत त्वचा, मेंदू आणि स्नायू हे तिन्ही मागणारे रोज, आठ-आठ तास दारात उभे असतात. तो कोसळला तर एकटाच कोसळतो आणि पेपरात 'अचानक हृदयविकाराने' असं छापून येतं.

म्हणून घड्याळ किंवा थर्मामीटर जवळ नसेल तर सावली पाहा. आपली सावली आपल्याहून आखूड दिसली की समजा, त्वचा रक्त मागू लागली आहे. बसायला आडोसा शोधा, तहान लागायच्या आत पाणी प्या, शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला हाक मारा आणि तो नीट उत्तर देतो का ऐका. अडखळला, भलतंच बोलला, तर तिथेच, त्याच क्षणी त्याच्या अंगावर पाणी ओता. गाडी मागाहून येईल. आतलं रक्त तोवर थांबणार नाही.